टू-इन-वन संगणक

टू-इन-वन संगणक म्हणजे टॅबलेट आणि लॅपटॉप या दोहोंची कामे करू शकणारे एकच उपकरण होय. असे उपकरण स्पर्शपटलावर बोटाने किंवा लेखणीने हाताळता येते आणि गरजेनुसार कळफलक जोडून लॅपटॉपप्रमाणेही वापरता येते. यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कळफलक पडद्यापासून पूर्णपणे वेगळा होतो. दुसऱ्या प्रकारात बिजागरीच्या साहाय्याने पडदा मागे दुमडला जातो, पण कळफलक उपकरणालाच जोडलेला राहतो. या लेखात प्रामुख्याने पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

अशी उपकरणे बाहेरून एकसारखी दिसली, तरी संचालन प्रणाली, प्रोसेसर, स्मृती (रॅम) आणि साठवण क्षमता यांनुसार त्यांच्या आवृत्त्यांत मोठा फरक असतो. बहुतेक टॅबलेटमध्ये हे घटक मुख्य पट्टीवर कायमचे जोडलेले असल्यामुळे खरेदीनंतर ते बदलता येत नाहीत. त्यामुळे एखादा टॅबलेट लॅपटॉपची जागा घेऊ शकेल की नाही, हे पुष्कळदा खरेदीच्या वेळी निवडलेल्या आवृत्तीवरच ठरते. घरात एकच संगणक घेणे शक्य असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

वहीसारख्या, मुलांनाही वापरता येईल अशा व्यक्तिगत संगणकाची कल्पना अमेरिकन संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने मांडली. त्या काळी असे यंत्र तयार करणे शक्य नव्हते. तथापि पुढील लॅपटॉप आणि टॅबलेट या दोन्हींच्या विकासावर या कल्पनेचा प्रभाव पडला. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅबलेटसाठीची आवृत्ती आणली. लेखणीवर चालणारे ते संगणक जड व महाग असल्याने त्यांचा प्रसार मर्यादित राहिला.

ॲपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये बाजारात आला आणि टॅबलेट हा स्वतंत्र प्रकार म्हणून रूढ झाला. त्याच्यावर फोनच्या धर्तीची संचालन प्रणाली होती. त्यामुळे वाचन व चित्रफिती पाहण्यासाठी तो सोयीचा, तर लेखन व हिशेबाच्या कामासाठी अपुरा मानला जाई. २०११ मध्ये असुसच्या ट्रान्सफॉर्मर या अँड्रॉइड टॅबलेटला जोडता येणारा कळफलक देण्यात आला. या कळफलकातच जादा बॅटरी होती.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ ही मालिका सुरू केली. मागे टेकू असलेला टॅबलेट आणि चुंबकाने चिकटणारा कळफलक ही तिची रचना पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारली. २०१४ च्या सरफेस प्रो ३ मध्ये १२ इंची पडदा आणि सुमारे ८०० ग्रॅम वजन होते. लॅपटॉपला पर्याय म्हणूनच त्याची जाहिरात झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ॲपलने कळफलक व लेखणी जोडता येणारा आयपॅड प्रो आणला. सॅमसंगने २०१७ मध्ये फोनसाठी सुरू केलेली ‘डेक्स’ ही खिडक्यांची मांडणी २०१८ पासून टॅबलेटच्या स्वतःच्या पडद्यावरही उपलब्ध झाली. मार्च २०२० पासून आयपॅडवर माउस व ट्रॅकपॅड पूर्णपणे वापरता येऊ लागले.

## एकाच नावाच्या दोन आवृत्त्या : सरफेस आरटी आणि सरफेस प्रो

आवृत्तीची निवड किती निर्णायक ठरते, याचे ठळक उदाहरण म्हणजे सरफेस मालिकेची पहिली दोन उपकरणे होत. दोन्हींचा पडदा १०.६ इंचांचा होता, दोन्हींना टेकू होता आणि पडद्यावरील मांडणीही सारखीच दिसत असे.

| घटक | सरफेस आरटी (२०१२) | सरफेस प्रो (२०१३) |
|---|---|---|
| प्रोसेसर | एआरएम रचनेचा टेग्रा ३ | इंटेल कोअर आय-५ |
| संचालन प्रणाली | विंडोज आरटी | विंडोज ८ प्रो |
| रॅम | २ जीबी | ४ जीबी |
| साठवण | ३२ किंवा ६४ जीबी | ६४ किंवा १२८ जीबी |
| वजन | सुमारे ६८० ग्रॅम | सुमारे ९०० ग्रॅम |
| विंडोजच्या जुन्या आज्ञावली | चालत नाहीत | चालतात |

सरफेस आरटी स्वस्त, हलका आणि पंख्याविना चालणारा होता. मात्र त्यावर फक्त मायक्रोसॉफ्टच्या दालनातील ॲप्स आणि सोबत दिलेले ऑफिस एवढेच चालत असे. विंडोजचा संगणक म्हणून तो घेणाऱ्यांना हिशेबाची, छपाईची किंवा आरेखनाची नेहमीची आज्ञावली त्यावर बसवता आली नाही. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला या उपकरणाच्या साठ्यापोटी सुमारे ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला. विंडोज १० ही आवृत्तीही त्याला मिळाली नाही.

साठवणीच्या आकड्यांचाही घोळ याच काळात पुढे आला. ३२ जीबीच्या सरफेस आरटीमध्ये वापरकर्त्यासाठी सुमारे निम्मीच जागा मोकळी असे, कारण उरलेली जागा संचालन प्रणाली, ऑफिस आणि पूर्वस्थितीत परतण्याची सोय यांनी व्यापलेली होती. वेष्टनावर छापलेली साठवण आणि प्रत्यक्ष मिळणारी साठवण यांतील हा फरक सर्वच टॅबलेटमध्ये कमीअधिक प्रमाणात आढळतो. साठवण जितकी कमी, तितका तो जास्त जाणवतो.

## संचालन प्रणालीनुसार प्रकार

विंडोज : इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर असलेल्या विंडोज टॅबलेटवर लॅपटॉपवरील जवळजवळ सर्व आज्ञावली चालतात. लॅपटॉपची पूर्ण जागा घेण्याच्या दृष्टीने हा सर्वांत जवळचा पर्याय आहे. मात्र त्यांची किंमत जास्त असते आणि बॅटरी तुलनेने कमी काळ टिकते. एआरएम प्रोसेसर असलेल्या विंडोज टॅबलेटची बॅटरी अधिक टिकते. विंडोज ११ मध्ये इंटेलसाठी लिहिलेल्या बहुतेक आज्ञावली रूपांतरणाद्वारे त्यांच्यावर चालतात. परंतु छपाईयंत्र, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांसारख्या उपकरणांसाठी लागणारी चालक-आज्ञावली एआरएमसाठीच तयार केलेली असावी लागते. ती उपलब्ध नसल्यास ते उपकरण चालत नाही.

आयपॅडओएस : आयपॅडवर चित्रकला, चित्रफितींचे संपादन, टिपणे आणि वाचन यांसाठी विकसित ॲप्स उपलब्ध आहेत. मात्र मॅक संगणकावरील आज्ञावली त्यावर चालत नाहीत. ॲपलचे स्वतःचे एक्सकोड हे विकसन साधनही आयपॅडसाठी उपलब्ध नाही. २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये साठवण निवडताना रॅमही ठरत असे : ५१२ जीबीपर्यंतच्या आवृत्त्यांना ८ जीबी, तर १ टीबी व त्यापुढील आवृत्त्यांना १६ जीबी रॅम होती.

अँड्रॉइड : किमतींचा सर्वांत मोठा पल्ला या प्रकारात आढळतो. स्वस्त टॅबलेटमध्ये ३ ते ४ जीबी रॅम आणि संथ साठवण असते. त्यांच्यावर वर्गातील चित्रफिती पाहणे व पुस्तके वाचणे शक्य होते. लेखन, तक्ते आणि सादरीकरण ही कामे ॲप्सद्वारे करता येतात, परंतु त्यांतील सोयी संगणकावरील आवृत्तीपेक्षा कमी असतात. अनेक टॅबलेटमध्ये मेमरी कार्ड घालून साठवण वाढवता येते. अशा कार्डावर चित्रफिती व पुस्तके ठेवता येतात. मात्र त्यामुळे रॅम वाढत नाही.

क्रोमओएस : यातील बहुतेक काम ब्राउझरमधून चालते. अँड्रॉइड ॲप्स आणि पुष्कळ उपकरणांवर लिनक्सच्या आज्ञावलीही चालू शकतात. आज्ञावली लेखनाचे प्राथमिक शिक्षण त्यावर घेता येते. इंटरनेटची जोडणी नसताना मात्र उपयोग मर्यादित होतो.

## निवडीचे निकष

### आवश्यक आज्ञावली
निवडीचा पहिला निकष यंत्राची गती हा नसून, त्यावर कोणती आज्ञावली चालणे अपरिहार्य आहे, हा असतो. टॅली ही लेखा-आज्ञावली आणि अभियांत्रिकी अभ्यासक्रमातील ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर बसवता येत नाही. ग्रामपंचायती, ठेकेदार आणि सनदी लेखापाल वापरत असलेले डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकनही प्रामुख्याने संगणकावर, विशेषतः विंडोजवर चालते. अशा एका कामासाठीही दुसरा संगणक लागत असेल, तर टॅबलेट लॅपटॉपला पूरक ठरतो, पर्याय ठरत नाही.

### रॅम आणि साठवण
विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण आवश्यक आहे. हे प्रमाण संचालन प्रणाली सुरू होण्यापुरते आहे; ब्राउझरची अनेक पाने, लेखन-आज्ञावली आणि चित्रसंवाद एकाच वेळी चालवायचे असल्यास ८ जीबी रॅम सोयीची ठरते. साठवणीचा आकारच नव्हे, तर प्रकारही महत्त्वाचा असतो. स्वस्त उपकरणांतील ईएमएमसी साठवण ही एसएसडीपेक्षा बरीच संथ असते. त्यामुळे कागदावर समान रॅम असलेली दोन उपकरणे वापरताना वेगळी वाटतात.

### कळफलक आणि पडदा
पूर्ण आकाराच्या कळफलकात शेजारच्या दोन कळींच्या मध्यांतील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. १० इंची टॅबलेटच्या रुंदीत एवढ्या अंतराच्या सर्व कळा मावत नाहीत, त्यामुळे त्या लहान व दाटीने बसवलेल्या असतात. १२ ते १३ इंची टॅबलेटला मात्र जवळजवळ पूर्ण आकाराचा कळफलक जोडता येतो. टेकूवर उभा राहणारा टॅबलेट टेबलावर स्थिर राहतो. मांडीवर किंवा अंथरुणावर ठेवून टंकलेखन करताना तो लॅपटॉपइतका स्थिर राहत नाही. जमिनीवर मांडी घालून अभ्यास करणाऱ्यांस छोटे डेस्क किंवा पाट वापरावा लागतो.

पडद्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाणही वापरानुसार बदलते. ४:३ आणि ३:२ या प्रमाणांचे पडदे छापील पानाच्या आकाराशी जवळचे असल्याने पाठ्यपुस्तके वाचण्यास सोयीचे असतात. १६:१० प्रमाणाचे लांबट पडदे चित्रफितींसाठी आणि शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडण्यासाठी उपयुक्त ठरतात.

### जोडणी
अनेक टॅबलेट ‘केवळ वाय-फाय’ आणि ‘सिमसह’ अशा दोन आवृत्त्यांत मिळतात. केवळ वाय-फाय आवृत्तीला मोबाइलवरून इंटरनेट घेता येते. परंतु घरातील एकमेव मोबाइल कामावर जाणाऱ्या व्यक्तीबरोबर जात असेल, तर ही सोय दिवसभर उपलब्ध राहत नाही. आयपॅडच्या केवळ वाय-फाय आवृत्त्यांत जीपीएसही नसते. पेनड्राइव्ह, प्रक्षेपक आणि छपाईयंत्र जोडण्यासाठी बहुधा एकाच यूएसबी-सी खाचेवर अवलंबून राहावे लागते. स्वस्त टॅबलेटमधील ही खाच बाहेरील पडद्यास चित्र पाठवीलच असे नसते.

### एकूण किंमत
सरफेस प्रो आणि आयपॅड यांचे कळफलक सामान्यतः वेगळे विकत घ्यावे लागतात, तर लेखणी काही मालिकांत सोबत मिळते आणि काहींत मिळत नाही. त्यामुळे टॅबलेटची जाहिरातीतील किंमत आणि लॅपटॉपची किंमत यांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते. कळफलक, लेखणी, आवरण आणि जोडण्या मिळून होणारी बेरीज काही वेळा त्याच क्षमतेच्या लॅपटॉपच्या पुढे जाते.

### दुरुस्ती आणि आयुर्मान
टॅबलेटचा पडदा व बॅटरी गोंदाने चिकटवलेली असल्याने दुरुस्ती अवघड व खर्चिक असते. काही अपवाद आहेत. २०२१ च्या सरफेस प्रो ७ प्लसपासून एसएसडी काढता येण्याची सोय झाली. संचालन प्रणालीची सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार, हाही आयुर्मानाचा भाग आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे विंडोज ११ न चालणारे जुने टॅबलेट कमी किमतीत मिळाले, तरी त्यांचा सुरक्षित उपयोग मर्यादित राहतो.

## मराठी लेखन

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने कळफलकाची निवड हा स्वतंत्र निकष आहे. भारतीय लिपींसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केली. विंडोज, अँड्रॉइड आणि आयपॅड या तिन्हींवर युनिकोड मराठी लिहिता येते. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अद्यतनापासून इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय अंतर्भूत झाली. टॅबलेटच्या पडद्यावरील कळफलकात लिप्यंतर, बोलून लेखन आणि बोटाने देवनागरी लेखन या सोयी मिळतात. मात्र बाह्य कळफलक जोडल्यावर त्या तशाच चालतील असे नसते. बाह्य कळफलकांवर सहसा इंग्रजी अक्षरेच छापलेली असल्याने इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यास कळांची जागा लक्षात ठेवावी लागते.

मराठी मुद्रण व्यवसायात दीर्घकाळ वापरली गेलेली श्री-लिपी ही आज्ञावली आणि तिचे बिगर-युनिकोड टंक विंडोजवर आधारलेले आहेत. त्या टंकांतील मजकूर अँड्रॉइड टॅबलेटवर उघडल्यास पुष्कळदा अर्थहीन अक्षरे दिसतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० व ४० शब्द अशा वेगाच्या पातळ्या आहेत. या परीक्षेच्या सरावास पूर्ण आकाराचा कळफलक आवश्यक असल्याने लहान टॅबलेटचा पातळ कळफलक अपुरा पडतो. साधा यूएसबी कळफलक जोडून ही उणीव काही अंशी भरून काढता येते.

## महाराष्ट्रातील प्रयोग

स्वस्त आणि दुहेरी वापराच्या संगणकाचा एक प्रयोग महाराष्ट्रात २००७ मध्ये झाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला पथदर्शी प्रकल्प रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत सुरू करण्यात आला. तेथे दिलेल्या एक्सओ या संगणकाचा ७.५ इंची पडदा फिरवून कळफलकावर दुमडता येई आणि मग तो पुस्तकासारखा वाचता येई. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. उन्हातही वाचता येणारा पडदा हे त्याचे वैशिष्ट्य होते.

केंद्र सरकारच्या ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचे अनावरण ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी केले. पहिल्या आवृत्तीत ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दाबाने चालणारे ७ इंची स्पर्शपटल होते. तिच्या संथपणावर टीका झाल्यानंतर प्रकल्पाची जबाबदारी मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर करण्यात आला. त्यात १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि स्पर्शाला चटकन प्रतिसाद देणारा पडदा होता.

मुंबईच्या संस्थेत प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने टॅबलेटचा उपयोग केवळ पाहण्या-वाचण्यापुरता राहू नये, यासाठी प्रयत्न झाले. सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांतील आज्ञावली टॅबलेटवरच लिहून चालवता यावी, अशी ॲप्स तयार करण्यात आली. आकाशवर लिनक्सही चालवून दाखवण्यात आले. टॅबलेटला लॅपटॉपची जागा देण्यासाठी यंत्राबरोबरच आज्ञावलीही तयार करावी लागते, हे या कामातून दिसून आले. मौद्गल्य यांनी पुढे मुक्त आज्ञावलींवर चालणाऱ्या स्वस्त लॅपटॉपचाही पाठपुरावा केला.

नागपूर येथील महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) ही इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना एमएचटी-सीईटी, जेईई व नीट या परीक्षांच्या तयारीसाठी मोफत टॅबलेट आणि इंटरनेट देते. या योजनेत टॅबलेटचा उद्देश ऑनलाइन वर्ग व सराव हा आहे. त्या कामासाठी लॅपटॉपची आवश्यकता नसते. बारावीनंतर अभियांत्रिकीस प्रवेश मिळाल्यावर मात्र आज्ञावली लेखन आणि आरेखन यांसाठी वेगळ्या यंत्राची गरज निर्माण होते.

## ग्रामीण परिस्थितीतील वापर

धाराशिव तालुक्यातील बेंबळी यांसारख्या गावांत निवडीचे निकष शहरापेक्षा काहीसे वेगळे असतात. तालुक्याचे व जिल्ह्याचे ठिकाण धाराशिव, तर जवळची मोठी शहरे सोलापूर व लातूर आहेत. सर्वसामान्य लॅपटॉपचा कळफलक, बॅटरी किंवा एसएसडी बदलण्याचे काम स्थानिक कारागीरही करू शकतो. चिकटवलेल्या टॅबलेटसाठी बहुधा कंपनीच्या सेवाकेंद्रात जावे लागते. त्यामुळे हमीचा कालावधी आणि जवळच्या सेवाकेंद्राचे ठिकाण ही माहिती वैशिष्ट्यांइतकीच महत्त्वाची ठरते.

विजेच्या बाबतीत टॅबलेट सरस ठरतो. तो कमी वीज वापरतो आणि बहुतेक टॅबलेट मोबाइलच्या पॉवर बँकेवर किंवा छोट्या सौर संचावरही भारित करता येतात. त्यामुळे वीजपुरवठा खंडित झाल्यावर अभ्यास थांबत नाही. उष्णतेच्या बाबतीत परिस्थिती उलट असते. ॲपलने आयपॅडच्या वापरासाठी ०° ते ३५° सेल्सियस तापमान सुचवले आहे, तर मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° सेल्सियसच्या आसपास जाते. पंखा नसलेली उपकरणे तापल्यावर प्रोसेसरची गती आपोआप कमी करतात आणि भारण थांबवतात. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हात वापर केल्यास बॅटरीचे आयुष्यही घटते.

गावातील महा-ई-सेवा केंद्र, शाळेतील संगणक कक्ष किंवा महाविद्यालयाची प्रयोगशाळा यांचा नियमित वापर शक्य असल्यास घरी टॅबलेट आणि जड कामांसाठी तेथील संगणक अशी विभागणी करता येते. अशी सोय नसल्यास आणि कुटुंबात एकच यंत्र घ्यायचे असल्यास कमी साठवणीचा टॅबलेट आणि कळफलक यांऐवजी त्याच किमतीचा साधा लॅपटॉप अधिक कामे पूर्ण करू शकतो. याउलट वाचन, टिपणे, आकृत्या काढणे आणि ऑनलाइन वर्ग हाच मुख्य वापर असेल, तर हलका आणि बॅटरी टिकवणारा टॅबलेट अधिक उपयुक्त ठरतो.

## हे सुद्धा पहा

- टॅबलेट संगणक
- लॅपटॉप
- आकाश (टॅबलेट)
- इनस्क्रिप्ट
- युनिकोड
- बेंबळी